भाद्रपदातलं माप

पाडव्याच्या सकाळी घड्याळाचं वजन धाडकन फरशीवर आदळलं आणि सुहासिनीच्या हातातली उटण्याची वाटी कलंडली. त्याआधी घर्रर्र असा लांबलचक आवाज झाला होता, विहिरीवरचा रहाट हातातून सुटावा तसा. पिवळे हात तसेच घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. भिंतीवरच्या लाकडी घड्याळाचे दोन्ही काटे गरगर फिरून भलत्याच ठिकाणी थांबले होते, दोरी सगळी खाली आली होती आणि वजनाचं पितळी नळकांडं टीपॉयखाली घरंगळत गेलं होतं. शरदचंद्र खुर्चीत बसले होते. मांडीवर दिवाळी अंक. दचकल्याची एक खूणही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. होतं ते समाधान होतं, आणि ते समाधान ती लग्न झाल्यापासून ओळखत होती. पोळी करपली, बस चुकली, शेजाऱ्याची भिंत तडकली की ते यायचं. "पडलं," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी म्हटलंच होतं." म्हटलं नव्हतं. पण वाद घालायची ही वेळ नव्हती. बारा वाजायच्या आत मीनल यायची होती, नवऱ्याला घेऊन, पहिल्या दिवाळसणाला. वैशाखात लग्न झाल्यापासून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आज ती येणार होती ती केवळ हे घड्याळ चालत होतं म्हणून.

तशी अटच होती. शरदचंद्रांनी ती रागाने घातली नव्हती. रागाने घातली असती तर राग उतरल्यावर मोडता आली असती. नियम सांगावा तशी सांगितली होती. अंबरनाथच्या कारखान्यात मशीनचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. इन्स्पेक्शन ऑफिसर. बसेल तो ओके, बसणार नाही त्यावर लाल रंगाचा ठिपका, आणि ठिपका लागला की तो माल त्यांच्या लेखी मेला. कारखाना बंद पडला, लोकांनी टाळं लागायच्या आधी घमेली आणि खुर्च्या पळवल्या. यांनी आपलं माप घ्यायचं व्हर्नियर आणि लाल रंगाची बाटली तेवढी घरी आणली. तेव्हापासून बदलापूरच्या बेलवलीतल्या या घरात काय काय रिजेक्ट झालं याला सुमार नाही. छत्री, गाळणं, कपबशीतली बशी. टवका उडालेल्या चहाच्या किटलीच्या बुडाला अजून लाल ठिपका आहे, आणि ती त्याच किटलीतून त्यांना रोज चहा देते. मीनलला सांगून आलेली मुलंही अशीच गेली: एक बुटका, एक तोतरा, एकाचं घर भाड्याचं. मग मीनलने एक दिवस स्वतःच सांगितलं की तिने ठरवलंय, उल्हासनगरचा आहे, भगवान नाव, सिंधी आहे. त्याला त्यांनी न बघताच लाल ठिपका लावला. हातात न घेता रिजेक्ट केलेला सगळ्या नोकरीतला तो त्यांचा पहिलाच माल असेल. लग्नाला ते गेले नाहीत आणि सुहासिनीलाही जाऊ दिलं नाही. म्हणजे दाराला कुलूप लावलं होतं असं नव्हे. नुसतं म्हणाले, "तुला जायचं असेल तर जा." या वाक्याचा अर्थ काय होतो ते तिला पुरेपूर माहीत होतं, आणि ती गेली नाही. याचं तिला जितकं वाईट वाटायचं त्याहून जास्त चीड यायची, आणि ती चीड कुठे ठेवायची ते तिला कळायचं नाही.

आषाढात मीनलची मैत्रीण नीलिमा भर पावसात एक खोका देऊन गेली. आत पातळ लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांमध्ये चाकं, काटे, दांडे, सगळं आधीच कापून ठेवलेलं. अंगठ्याने दाबलं की तुकडा बाहेर यायचा. सोबत घडी घातलेलं ड्रॉइंग. भगवानची उल्हासनगरच्या कॅम्पात लाकूड कापायची शेड होती. कुणाकडे तरी परदेशी घड्याळ बघून त्याने ते तसंच कापायला घेतलं होतं, जोडून घ्यायचं काम घेणाऱ्याचं. मीनलने निरोप पाठवला होता, "बाबांचे हात रिकामे राहिले की ते तुझ्या मागे लागतात, म्हणून." हा निरोप सुहासिनीने नवऱ्याला सांगितला नाही, स्वतःपाशी ठेवला. शरदचंद्रांनी एक चाक हातात घेतलं, उजेडात धरलं आणि "उल्हासनगरचा माल," एवढंच म्हणून खोका बाथरूमवरच्या माळ्यावर टाकला. तिथे तो श्रावण सरेपर्यंत राहिला. खालून बंबाच्या पाण्याची वाफ, वरून कौलांची ओल. मग अधिक महिना लागला. त्या वर्षी भाद्रपदच अधिक आला होता. धोंड्याचा महिना, लेकीजावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं. तिने तांदूळ भिजत घातले आणि विषय काढला. त्यांनी उठून स्टूल घेतलं, खोका खाली काढला, टेबलावर ठेवला. "हे जोडतो. चाललं तर दिवाळीला येऊ दे दोघांना. नाही चाललं तर घड्याळ परत आणि तो पण परत." अनारसे तिने एकटीने तळले आणि एकटीने खाल्ले. यांना गोड चालत नाही.

पुढचे सगळे दिवस घरात पॉलिश पेपरचा खर्रखर्र आवाज भरून राहिला. ते प्रत्येक चाक व्हर्नियरमध्ये धरायचे, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे आणि खूश व्हायचे. "ओव्हरसाइज. हे पण ओव्हरसाइज. बघ, एक तुकडा ड्रॉइंगप्रमाणे नाही. हे लोक काय करतात, दिसायला तसंच करतात." आणि मग घासायचे. दात घासायचे, आस घासायचे, व्हर्नियरवर ड्रॉइंगमधला आकडा येईपर्यंत घासायचे. भुसा पोह्यांत पडायचा, अंथरुणात यायचा. ती ओट्यापाशी उभी राहून बघायची, आणि बघता बघता तिची नजर मागच्या दाराकडे जायची. या घरात राहायला आले त्या पहिल्या पावसाळ्यात ते दार फुगून चौकटीत अडकलं होतं. श्रावण होता. बदलापुरात श्रावणात कुणाचं दार अडकत नाही? लोक खांद्याने ढकलतात आणि दिवाळीची वाट बघतात. यांनी रंधा आणला आणि दार तासलं, अगदी गेज लावून, सगळीकडून सारखी फट राहील असं. मीनल तेव्हा शाळेत होती, लाकडाच्या कुरळ्या साली केसांत अडकवून घरभर नाचली होती. थंडी पडली आणि दार आखडलं. फटीतून वारा आला, चिचुंद्री आली, एकदा विंचू आला. तेव्हापासून दर थंडीत ती त्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबते आणि दर पावसाळ्यात काढते. त्या दाराबद्दल यांनी आजवर एक अवाक्षर काढलेलं नाही.

ती बोललीच नाही असं नाही. एकदा, दुपारचा चहा ठेवताना, म्हणाली, "दारासारखं होईल हो. पावसाचं फुगलंय ते." त्यांनी मान वर केली नाही. "दार सुताराचं होतं. हे ड्रॉइंगचं आहे. ड्रॉइंगमध्ये डायमेन्शन दिलंय." लोखंड तपासून तपासून या माणसाच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की एकदा मापात आलेली वस्तू मापातच राहते. माणसांबद्दलही त्यांचं हेच होतं. ती गप्प बसली. पुन्हा बोलली असती तर त्यांनी हट्टाने आणखी घासलं असतं, हे एक कारण. पण खालचं, खरं कारण वेगळं होतं आणि ते तिने स्वतःशी बरेच दिवस कबूल केलं नाही: तिला हा माणूस चुकताना बघायचा होता. हातात व्हर्नियर घेऊन, आकडा वाचून, सही केल्यासारखा चुकताना. तिला नवऱ्याचा तिटकारा होता. हे वाक्य तिच्या मनात अगदी साध्या आवाजात आलं, दूध आलं का बघ म्हणावं तशा, आणि आल्यावर गेलं नाही.

मग घड्याळ चालायला लागलं. अधिक महिना संपत आला होता, बाहेर झड लागली होती, आणि एका संध्याकाळी त्यांनी लंबकाला बोट लावलं आणि तो थांबलाच नाही. टक, टक, टक. लाकडाचा आवाज होता तो, धातूचा नाही. पोळपाटावर कुणी बोट वाजवत बसावं तसा. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत उठले नाहीत. जेवताना म्हणाले, "पास." दुसऱ्या दिवशी ती छत्री घेऊन स्टेशनजवळच्या पीसीओवर गेली आणि मीनलच्या ऑफिसात फोन लावला. दिवाळीला दोघं या, म्हणाली. पलीकडून, "बाबा म्हणाले? स्वतःहून?" "हो," सुहासिनी म्हणाली. "स्वतःहून." काचेच्या खोपटातून बाहेर येताना तिला रडू आलं आणि स्वतःचाच राग आला.

खरी भीती त्या दिवसापासून सुरू झाली. भाद्रपद अधिक आला म्हणून दिवाळी महिनाभर पुढे गेली होती. नेहमीसारखी आली असती तर अजून हवेत ओल असतानाच उरकली असती. आता पावसाळा जाऊन, आश्विनाचं ऊन तापून, थंडीचा वारा सुटल्यावर यायची होती. पंचांग करणाऱ्यांनी महिना वाढवला, लाकडाला ते कुठे कळणार. ती रोज सकाळी उठली की आधी मागच्या दारापाशी जायची आणि फटीत बोट घालून बघायची. नवरात्रात नुसतं नख जात होतं. कोजागरीला पेर गेलं. घड्याळाचा आवाज बदलला होता. टक नंतर एक छोटीशी खडखड यायची, कवळी नीट न बसलेल्या माणसासारखी. ती बाहेरच्या खोलीत ओले टॉवेल आणून खुर्च्यांवर टाकायला लागली. घड्याळाखाली पाण्याचं पातेलं ठेवलं, म्हणाली मुंग्या झाल्यात. "कपडे बाहेर वाळत घाल. घर आहे का धोबीघाट?" ते ओरडायचे आणि टॉवेल उचलून अंगणात फेकायचे. ते झोपले की ती पुन्हा आणायची. आपल्याच घरात चोरून ओलावा करणारी बाई तिने दुसरी कुणी पाहिली नव्हती. चकल्या तळताना, करंज्या कातताना तिचा एक कान सारखा बाहेरच्या खोलीकडे असायचा. लक्ष्मीपूजनापर्यंत निभावलं. एक सकाळ उरली होती, फक्त एक.

आणि आता वजन टीपॉयखाली पडलं होतं. ती वाकून ते उचलायला गेली तर शरदचंद्र म्हणाले, "राहू दे. हात लावू नकोस." उटणं पुन्हा कालवून, तेल गरम करून ती येईपर्यंत त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवून पुरतं मोकळं केलं होतं. जुन्या पेपरवर चाकं मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली, प्रत्येकावर लाल ठिपका, ओला, चकाकता. "तो आला की एकेक उचलून दाखवतो," ते म्हणाले. "धंदा करतात! त्याला कळू दे कुणाच्या घरी माल पाठवला." मग शर्ट काढून ते पाटावर बसले, तिच्याकडे पाठ करून. पाडवा होता. बायकोने नवऱ्याला तेल लावायचं, ओवाळायचं. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही.

तिने तेलात बोटं बुडवली. या पाठीवरचा तीळ न् तीळ तिला ठाऊक होता. पहिल्या पाडव्याला, अंबरनाथच्या खोलीत, ही पाठ तिला केवढी रुंद वाटली होती, आणि तिने लाजून नुसते खांदेच चोळले होते. नंतर मीनल मध्ये घुसायची, तेलाचे इवले हात बापाच्या डोक्यावर फिरवायची, आणि हा माणूस डोळे मिटून म्हणायचा, इथे राहिलं, इथे रिजेक्ट, परत कर. मीनल खिदळायची. तेव्हा तो शब्द हसायचा होता. कधीपासून तो हसायचा राहिला नाही ते तिला आठवेना. आता कातडी सैल झाली होती, मणके हाताला लागत होते, आणि ती चोळत होती, पीठ मळताना लावते त्या जोराने. "जरा हळू," ते म्हणाले. तिने जोर कमी केला नाही.

"चाकं तुम्ही घासलीत," ती म्हणाली.

"ड्रॉइंगला घासली. ड्रॉइंग त्याचं आहे."

"पावसात घासलीत. लाकूड वाळलं की आखडतं, मग दात सुटतात. सगळ्यांना माहीत आहे."

"मग त्याने तसं लिहायला हवं होतं."

"दाराला कुणी लिहून दिलं नव्हतं. दाराला अजून ठिपका नाही लावलात."

तिच्या तळव्याखाली पाठ ताठ झाली. एवढंच. ती समजून गेली की त्यांना माहीत आहे. आज नाही, केव्हापासूनच. बहुधा त्या पहिल्या थंडीपासून, जेव्हा ती चिंध्या कोंबत होती आणि ते पेपरात डोकं खुपसून बसले होते. माहीत असून ते आज जावयासमोर लाल चाकं मांडणार होते. तो बिचारा मान खाली घालून ऐकणार, मीनल उठणार, पर्स घेणार, आणि पुन्हा या घरात येणार नाही. त्यानंतर ही दोघंच. हा माणूस आणि ती, आणि लाल ठिपक्याची किटली. तिने तेलाची वाटी बाजूला सारली. "झालं," ती म्हणाली, "जा आंघोळीला." त्यांनी उठून पंचा गुंडाळला आणि आत जाऊन कडी लावली. बंब मागच्या पडवीत, बाथरूमच्या भिंतीला लागून. तिथून नळी आत गेलेली. ती मागे गेली तेव्हा बंबातली लाकडं जळून गेली होती आणि निखाऱ्यांवर राख चढत होती. जावयासाठी अजून एक बंब पाणी तापवायचं होतं. कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाकडे तिने हात नेला आणि मागे घेतला.

घरात येऊन तिने जुना पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला. फार जड नव्हता. पहिलं मोठं चाक बंबाच्या तोंडात टाकलं तेव्हा ते क्षणभर तसंच काळं बसून राहिलं, मग लाल ठिपक्याने आधी पेट घेतला आणि रंगाचा घाणेरडा वास सुटला. मग लाकूड पेटलं. सुकं होतं, ठणठणीत सुकं. एकामागून एक चाकं, काटे, लंबक, मागची फळी, शेवटी ड्रॉइंगही. हे आपल्या लेकीने पाठवलेलं आहे, तिच्या नवऱ्याने कापलेलं आहे, हे तिच्या मनात येत होतं आणि तरी हात थांबत नव्हता. तिला आनंद होत होता. तो चांगला आनंद नव्हता. बंब गुणगुणायला लागला. भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं, पाणी फार कडक येतंय!"

"पाडवा आहे," ती म्हणाली. "घ्या कडक."

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा ती हात धुऊन, पदर सारखा करून, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी होती. मीनल वाळली होती, पण डोळ्यांत बापाची तीच मुजोर चमक. भगवान उंच, जरा थोराड, हातात मिठाईचा खोका आणि स्टीलचा डबा. तिने तुकडा ओवाळून टाकला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. तो वाकून पाया पडला, "नमस्ते मम्मी," आणि आत येताच पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याभोवती चुना न लागलेला चौकोन. "घड़ी कुठे आहे?" त्याने विचारलं. "मीनू बोलली, पापांनी एकदम फर्स्ट क्लास चालू केली."

शरदचंद्र त्याच वेळी आतून आले, धुतलेला सदरा घालून, ओले केस मागे वळवलेले, अंग लालबुंद झालेलं. ते थेट टीपॉयपाशी गेले. टीपॉयवर लाल रंगाची बाटली होती, एवढंच. त्यांनी टीपॉयखाली बघितलं, तिथे नुसतं पितळी वजन होतं, खुर्चीमागे बघितलं, आणि मग तिच्याकडे. खोलीत सगळे उभेच होते. मीनलने एकदा बापाकडे आणि एकदा खिळ्याकडे बघितलं, आणि तिच्या हातातली पर्स खांद्यावर परत चढायला लागली.

"मी बंबात घातलं," सुहासिनी म्हणाली. "पाणी तापवायला. लाकूड कमी पडलं."

"आई!" मीनल म्हणाली. भगवान हसावं की काय या विचाराने अर्धवट तोंड उघडून राहिला. शरदचंद्रांचा चेहरा मात्र ती बघत राहिली. त्यावर समाधान नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्या हातातली वस्तू हिसकावून घेतली होती आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मग त्यांची मान हळूहळू जावयाकडे वळली.

"बघितलंस?" ते त्याला म्हणाले. एकेरी, घरच्यासारखं, आणि आवाज संतापाने चिरकत होता. "चालू घड्याळ जाळलं या बाईने. चालू! महिनोन्‌महिने बिघाड नाही. मी स्वतः तपासलंय एकेक चाक. माल ओके होता तुझा, एकदम ओके. हिला काय कळतंय त्यातलं?"

"जाने दो पापा," भगवान म्हणाला. त्याने चटकन मिठाईचा खोका त्यांच्या हातात दिला. "दुसरी देतो ना. शेड आपलीच आहे."

"दुसरं दे," ते म्हणाले, "पण ते हिच्या हाती लागू द्यायचं नाही." आणि त्याचा दंड धरून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, आणि स्वतः समोर बसून तो लंबक कसा हलायचा ते बोटाने दाखवायला लागले. मीनल आईकडे बघत नव्हती. नवऱ्याची कलाकुसर जाळणाऱ्या आईकडे तिने बघावं तरी का. दोन्ही पुरुष एका बाजूला झाले होते, मुलगी त्यांच्या बाजूला, आणि ती या बाजूला एकटी. तिच्यावरच्या द्वेषाने का होईना, माल पास झाला होता. तिने पाट उचलला. "जावईबापू," ती म्हणाली, "पाणी तापलंय. आधी आंघोळ करून घ्या." कुणी लक्ष दिलं नाही. पडवीकडे जाताना तिने मागे वळून बघितलं. मीनलच्या चपला दाराच्या आत, भिंतीला टेकून, शाळेपासूनच्या तिच्या जागेवर काढलेल्या होत्या.